फ्लॉरेन्सचं गॅलिलिओ संग्रहालय: मुलांना घेऊन जावं का?

सांजवात: मे महिन्यात इटलीला जातोय, फ्लॉरेन्सला दोनच दिवस. नवऱ्याला उफीत्सी हे चित्रसंग्रहालय चुकवायचं नाही. बारा वर्षांच्या लेकीला चित्रांचा कंटाळा, पण आकाशाचं वेड. उफीत्सीच्या जवळच 'मुझेओ गॅलिलेओ' आहे म्हणे. काचेतली जुनी उपकरणं बघण्यात ती रमेल का?

पाणचक्की: रमेल, पण उफीत्सी करून नेऊ नका, तोवर पायांचे तुकडे पडलेले असतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा. मंगळवारी दुपारी एकलाच बंद होतं.
पहिल्या मजल्यावर एक तडकलेलं भिंग आहे, ते शोधा. १६१०च्या जानेवारीत गॅलिलिओला गुरूचे चंद्र दिसले, ते या भिंगातून. त्याला नंतर हस्तिदंताची इतकी नक्षीदार चौकट केलीय, की लोक चौकटीचाच फोटो काढून पुढे सरकतात! त्याच्या दोन दुर्बिणीही तिथेच आहेत. निघण्याआधी लेकीला गच्चीवरून साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून गुरू दाखवा. शेजारी बारीक ठिपके दिसतात, तेच ते चंद्र. एवढं पाहिलेलं असलं की त्या भिंगापुढून ती हलायची नाही.

कोकणकडा: +१. पण पाणचक्की, बोट विसरलात की! १७३७ साली गॅलिलिओचे अवशेष सांता क्रोचे चर्चमध्ये हलवताना उजव्या हाताचं मधलं बोट काढून घेतलं, ते काचेत उभं करून ठेवलंय. पोरं आधी तिकडेच पळतात.

पाणचक्की: मुद्दामच गाळलं. चर्चने ज्याला छळलं, त्याचंच बोट संतांच्या अस्थींसारखं मांडायचं? मला नाही रुचत.

कोकणकडा: असो. सांतुच्चीने केलेला सोनेरी खगोल, म्हणजे कड्याकड्यांचा आकाशगोल, मात्र बघाच. १५८८ ते १५९३ या काळात केलेला, माणसाहून कितीतरी उंच, आणि मधोमध पृथ्वी! गॅलिलिओच्या घरात सगळ्यात भव्य वस्तू, पृथ्वीभोवती सगळं फिरतं म्हणणाऱ्या टॉलेमीच्या विश्वाची. सूर्य कुठाय ते लेकीलाच शोधू दे.
वरच्या मजल्यावर प्रसूतिशास्त्र शिकवायची जुनी प्रतिरूपं आहेत. प्रश्न येतील, तयारीत राहा.

सांजवात: आभार दोघांचे! सोमवारी सकाळी पोचतोय आणि उफीत्सी सोमवारी बंद असतं. घरातला वाद मिटला.

पाणचक्की: मग दुपारी सांता क्रोचे उरका, चालत दहा मिनिटांवर आहे. गॅलिलिओची कबर मायकेलअँजेलोच्या समोरच्या भिंतीला. तिकीट लागतं, आणि खांदे झाकलेले कपडे.