वाय-फायची रेंज पूर्ण, मोबाइल डेटाही सुरू, तरी आईच्या फोनवर काहीच उघडत नाही

प्रश्न – सह्यकडा

नमस्कार. माझी आई संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी राहते आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असल्यामुळे तिचा फोन हातात घेऊन पाहणे मला लगेच शक्य नाही. तिच्या अँड्रॉइड 9 असलेल्या फोनवर परवापासून इंटरनेट बंद आहे. घरी फायबरचे कनेक्शन आहे. वाय-फायची रेंज पूर्ण दिसते, परंतु चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह येते आणि ‘कनेक्ट केले, इंटरनेट नाही’ असा मजकूर दिसतो. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा लावला, तर वर 4जी येते, मात्र एकही संकेतस्थळ उघडत नाही आणि यूट्यूब नुसते फिरत राहते. साधे फोन व्यवस्थित येतात-जातात. त्याच वाय-फायवर शेजारच्या काकूंचा फोन उत्तम चालतो.

फोन बंद करून सुरू करणे, विमान मोड लावून काढणे आणि राउटर बंद-चालू करणे हे सर्व करून झाले आहे. रिचार्जची मुदतही संपलेली नाही. ग्राहक सेवा केंद्रातून फॅक्टरी रीसेट करण्याचा सल्ला मिळाला, पण त्यात तिचे फोटो जातील आणि बँकेचे ॲप पुन्हा नोंदवावे लागेल, म्हणून धीर होत नाही. तपासणीला नेमकी कोठून सुरुवात करावी?

प्रतिसाद – तारायंत्र

फॅक्टरी रीसेट अजिबात करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीतच निम्मे उत्तर आहे.

वाय-फाय आणि मोबाइल डेटा हे दोन पूर्णपणे वेगळे मार्ग आहेत: एक राउटरवरून फायबरने जातो, दुसरा सिमकार्डाच्या कंपनीच्या टॉवरवरून. दोन्ही एकाच दिवशी एकाच फोनवर बंद पडतात आणि शेजारच्या काकूंचा फोन त्याच राउटरवर चालतो, याचा अर्थ राउटर, फायबर आणि टॉवर यांपैकी कशावरही संशय घेण्याचे कारण उरत नाही. दिवसाचा डेटा संपला असता तरी त्याचा परिणाम फक्त सिमवर झाला असता, आणि तोही असा नव्हे. बहुतेक योजनांत कोटा संपल्यावर वेग 64 केबीपीएसवर येतो, तेव्हा मजकुराचे संदेश रखडत का होईना जातात.

वाय-फायच्या पट्ट्या केवळ फोन आणि राउटर यांच्यातील रेडिओ लहरी किती जोरकस आहेत एवढेच सांगतात; पुढे इंटरनेट आहे की नाही हे त्यांना ठाऊक नसते. ते तपासण्यासाठी अँड्रॉइड जोडणी होताच गूगलच्या सर्व्हरकडे एक छोटी विनंती पाठवते आणि 204 या क्रमांकाचे कोरे उत्तर येण्याची वाट पाहते. ते आले नाही की उद्गारचिन्ह लागते. म्हणजे आईंचा फोन राउटरपर्यंत पोहोचतो आहे, पण त्याची विनंती पुढे कोठेतरी अडते आहे.

आता दोन्ही मार्गांना सामाईक अशा फोनमधील गोष्टी तपासा. आधी तारीख आणि वेळ पाहा, कारण तारीख चुकीची असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे फोनला अवैध वाटतात आणि पाने उघडत नाहीत. नंतर वर किल्लीचे चिन्ह दिसते का, म्हणजे एखादे व्हीपीएन (फोनची सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय) सुरू राहिले आहे का, ते पाहा. तिसरी गोष्ट, आणि माझा खरा संशय हिच्यावरच आहे, ती म्हणजे खाजगी डीएनएस. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. ही सोय अँड्रॉइड 9 पासून आली. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ उघडून ‘प्रगत’ या भागात गेल्यास ती सापडेल; काही कंपन्यांच्या फोनवर ती ‘कनेक्शन’ या विभागात असते. तेथे एखाद्या सर्व्हरचे नाव टंकलेले असेल, तर फोन प्रत्येक संकेतस्थळाचा आकडी पत्ता केवळ त्याच सर्व्हरला विचारतो. तो सर्व्हर उत्तर देईनासा झाला, तर फोन दुसऱ्या कोणाला विचारतच नाही, मग तुम्ही वाय-फायवर असा किंवा डेटावर. नव्या फोनवर याचा संदेश स्पष्ट शब्दांत येतो. जुन्यावर मात्र केवळ ‘इंटरनेट नाही’ एवढेच दिसते.

प्रतिसाद – माजघर

वरील तिन्ही गोष्टी पाहूनही काम झाले नाही, तर ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा’ हा पर्याय वापरावा. त्यात साठवलेले वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात. फोटो, संदेश आणि ॲप यांना धक्का लागत नाही. वाय-फायचा पासवर्ड आधी कागदावर लिहून ठेवायला सांगा.

आणखी एक विनंती. आईंना इंटरनेटवर शोधून कोणत्याही ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर फोन करू देऊ नका. फोन दुरुस्त करतो असे सांगून फोनचा पडदा त्यांना दिसेल असे ॲप टाकायला लावणारे लोक अशाच वेळी ज्येष्ठांना गाठतात आणि बँकेचे खाते रिकामे करतात. तसे काही घडलेच, तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – सह्यकडा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आईला फोनवरून एकेक पायरी सांगत गेलो. तारीख बरोबर होती आणि किल्लीचे चिन्ह नव्हते. खाजगी डीएनएसमध्ये मात्र एक लांबलचक नाव निघाले. मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याने जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून ते टाकले होते, असे त्याला विचारल्यावर कळले. ‘ऑटोमॅटिक’ निवडून जतन करताच उद्गारचिन्ह गेले आणि दोन्हीकडे इंटरनेट सुरू झाले.

एक शंका उरते. इतके दिवस चालत होते, ते आताच का बंद पडले? आणि माजघरात वाय-फाय अगदीच संथ चालते, त्यावर काही करता येईल का?

प्रतिसाद – तारायंत्र

तो डीएनएस सर्व्हर चालवणाऱ्याने सेवा बंद केली असेल किंवा त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल. नाव टंकून ठेवल्यावर दोन्हींचा परिणाम एकच होतो. ‘ऑटोमॅटिक’ असताना मात्र फोन डीएनएस सर्व्हरशी सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणी जमली तर घेतो, नाहीतर साध्या डीएनएसवर येतो, म्हणून आईंच्या फोनवर तेच राहू द्यावे.

माजघराविषयी सांगायचे, तर कोकणातल्या जुन्या घरांच्या जांभ्याच्या भिंती जाड असतात आणि 5 गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतींतून फार कमी जातात. राउटर या दोन प्रकारच्या लहरींसाठी, म्हणजे 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झसाठी, वाय-फायची दोन नावे दाखवत असेल, तर आतल्या खोलीत 2.4 गिगाहर्ट्झचे नाव निवडावे. कमाल वेग कमी असला, तरी ते भिंतीपलीकडे टिकते. राउटर पडवीच्या कोपऱ्यात असल्यास तो ओटी आणि माजघर यांच्यामधील दारालगत उंचावर आणता येतो का ते पाहा. हलवण्यापूर्वी आणि नंतर एखाद्या वाय-फाय तपासणाऱ्या ॲपमध्ये माजघरातील सिग्नलचे डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) आकडे टिपून ठेवा. ते उणे असतात: उणे 60 चांगले, उणे 80 च्या पुढे अडखळणे सुरू होते, आणि 10 च्या प्रत्येक फरकाने सिग्नल दहापट कमी-जास्त होतो. फायबरची तार ताणून किंवा कडक वळवून मात्र राउटर सरकवू नका, कारण आतील काच तुटते. तार पुरत नसेल तर ती वाढवून देण्याचे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे.