विप लिमिट लावूनही टेस्टिंगपाशी तिकिटं तुंबतात, मर्यादा चुकल्यात की टेस्टर कमी?

प्रश्न: कोरा_बोर्ड

सात जणांची टीम: ४ डेव्हलपर, २ टेस्टर, १ लीड. नवी फीचर्स आणि प्रॉडक्शनचे बग, दोन्ही आमच्याकडेच. मध्येच येणाऱ्या बगांमुळे दोन आठवड्यांचं प्रत्येक स्प्रिंट (आधीच ठरवलेल्या कामांचा टप्पा) कोलमडायचं, म्हणून कानबान सुरू केलं: प्रत्येक कामाचं एक तिकीट, ते बोर्डावर एकेका कॉलममधून पुढे सरकतं, आणि कॉलममध्ये एका वेळी किती तिकिटं चालतील याला मर्यादा, तीच विप लिमिट. जिरा या तिकिटं सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधले आमचे कॉलम, कंसात मर्यादा: डेव्हलपमेंट (८), कोड रिव्ह्यू (४), टेस्टिंगसाठी तयार (मर्यादा नाही), टेस्टिंग (४), ब्लॉक्ड (मर्यादा नाही), डन.

आजची मोजणी: डेव्हलपमेंट ८, रिव्ह्यू ४, तयार ९, टेस्टिंग ४, ब्लॉक्ड ५. आठवड्याला सरासरी ६ तिकिटं डन होतात. मॅनेजमेंटकडे तिसरा टेस्टर मागायचं घाटतंय. त्याने सुटेल का? आणि मर्यादा किती ठेवायच्या?

उत्तर १: रांगेतला_माणूस

आधी भागाकार करा. अर्धवट तिकिटं ३०, आठवड्याला संपतात ६. म्हणजे काम हातात घेतल्यापासून डन व्हायला सरासरी ५ आठवडे. हा लिटलचा नियम. येणारं आणि संपणारं काम साधारण सारख्या वेगाचं असेल तर लागू पडतो. हीच ६ ची गती ठेवून बोर्डावर १२ तिकिटं असती तर २ आठवडे लागले असते. कुणीही जास्त वेगाने टाइप न करता.

खरी गोम ‘तयार’ या कॉलमात आहे. त्याला मर्यादा नाही, म्हणून बाकीच्या मर्यादा नुसत्या शोभेच्या. डेव्हलपर काम संपवतो, तिकीट तिकडे ढकलतो, त्याची जागा रिकामी होते, तो नवं घेतो. पुढे टेस्टिंग तुंबलंय हे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘तयार’ आणि ‘टेस्टिंग’ मिळून एकच मर्यादा लावा, ५. डेव्हलपमेंट आणि रिव्ह्यू मिळून ६.

‘ब्लॉक्ड’ कॉलम काढून टाका. अडलेलं तिकीट तिथे सरकवलं की जागा मोकळी होते आणि मर्यादेला पळवाट मिळते. तिकीट जिथे अडलंय तिथेच राहू द्या. त्यावर लाल खूण करा, कोणाकडून काय हवंय आणि कधीपासून ते लिहा. जागा अडून राहिली की ती सोडवायची घाई सगळ्यांनाच होते.

आणि जिरावर विसंबू नका. मर्यादा ओलांडली की कॉलम लाल होतो, एवढंच. तिकीट आत यायचं काही थांबत नाही.

उत्तर २: मोजून_मापून

वरच्याशी बहुतांशी सहमत. पण टेस्टर मागण्याआधी अर्ध्या तासाचं काम करा. शेवटची १० डन तिकिटं उघडा आणि हिस्टरीतून तीन आकडे काढा: ‘तयार’मध्ये किती दिवस, ‘टेस्टिंग’मध्ये किती दिवस, आणि किती वेळा परत फिरलं. समजा एखादं तिकीट १२ तारखेला ‘तयार’मध्ये आलं, १९ ला टेस्टिंगला घेतलं आणि त्याच दुपारी डन झालं. सात दिवस पडून, टेस्टिंग अर्धा दिवस. मग विचारा, क्यूएवर, म्हणजे टेस्टिंगच्या सर्व्हरवर, बिल्ड (कोडची नवी आवृत्ती) कधी चढतो? आठवड्यातून दोनदाच चढत असेल तर तिकिटं घोळक्यानेच येणार. तिथे तिसरा टेस्टरही बिल्डची वाट बघत बसेल.

दहापैकी चार-पाच परत फिरली असतील तर दुखणं आणखी मागे आहे. ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे काम पूर्ण झालं कधी म्हणायचं याच्या अटी, धड नसताना तिकीट उचललं जातंय. टेस्टरला डेव्हलपमेंट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सोबत बसवा.

टेस्टर दिवसभर गुंतलेले आहेत म्हणजे सगळं छान चाललंय, असंही नाही. रांगेच्या अगदी साध्या गणितात, काम अनियमित येत असेल आणि करणारा एकच असेल, तर तो ८०% व्यस्त असताना ताटकळणं प्रत्यक्ष कामाच्या सरासरी वेळेच्या ४ पट होतं, ९०% ला ९ पट. थोडी उसंत ठेवावीच लागते.

उत्तर ३: लाल_खूण

डेव्हलपमेंट आणि रिव्ह्यूची मर्यादा एकत्र करू नका, असं माझं मत. एकत्र केली की रिव्ह्यू मागे पडतो, कारण नवा कोड लिहिणं सगळ्यांनाच जास्त आवडतं. वेगळ्या ठेवा: डेव्हलपमेंट ४, रिव्ह्यू २.

मर्यादा भरल्यावर डेव्हलपरने काय करायचं, हे बोर्डाशेजारी लिहून लावा. आधी अडलेलं सोडवा, मग रिव्ह्यू, मग टेस्ट डेटा तयार करणं, रिग्रेशनच्या (जुनं काही मोडलं नाही ना, ते बघणाऱ्या) ऑटोमेटेड टेस्ट लिहिणं, दुसऱ्याच्या तिकिटाचं टेस्टिंग. स्वतःच्या कोडचं नको, आपली चूक आपल्याला दिसत नाही. हे ठरलेलं नसलं की दोन दिवसांत कुणीतरी ‘फक्त एकच’ म्हणत नवं तिकीट उचलतं.

प्रॉडक्शन बगांसाठी वर आडवी लेन करा, मर्यादा १. तीत फक्त पैसे, लॉगिन किंवा डेटा जाण्याचा प्रश्न. बाकी बग नेहमीच्या रांगेत. ही लेन रोज भरलेली दिसली तर तातडीची व्याख्या सैल झालीय.

टोयोटात टाइची ओनो यांच्या पद्धतीत कानबान म्हणजे मागच्या टप्प्याला ‘आता आणखी बनवा’ सांगणारं कार्ड. आपल्याकडे तिकीट म्हणजे ते कार्ड नव्हे. ‘घ्या’ म्हणणारा इशारा म्हणजे रिकामी जागा. हा घोळ झाला की नुसता रंगीत टु-डू फलक उरतो.

कोरा_बोर्ड

हिस्टरी पाहिली. ‘तयार’मध्ये सरासरी ६ दिवस, टेस्टिंगमध्ये १. बिल्ड मंगळवार आणि शुक्रवारी चढतो. टेस्टरची मागणी तूर्त थांबवतोय. दोन शंका: नापास तिकीट मागे डेव्हलपमेंटला न्यायचं का? आणि क्लायंटला तारीख कशी सांगायची?

मोजून_मापून

मागे नेऊ नका, टेस्टिंगमध्येच खूण करून ठेवा. मागे नेलं तर तिथली मर्यादा फुटते आणि इथे खोटी जागा मोकळी होते. डेव्हलपरने हातातलं बाजूला ठेवून तिथे यायचं.

तारखेला सरासरी वापरू नका, बरीच तिकिटं तिच्यापेक्षा जास्त वेळ घेतात. शेवटच्या ४० तिकिटांना लागलेले दिवस चढत्या क्रमाने लावा आणि ३४ वा आकडा घ्या. ‘शंभरातली ८५ कामं इतक्या दिवसांत होतात’ असं सांगता येईल. अर्थात तुमची आत्ताची ४० तिकिटं तुंबलेल्या बोर्डावरची आहेत, त्यामुळे आकडा मोठाच येईल. नव्या मर्यादांवर सहा-सात आठवडे काढून पुन्हा मोजा. स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीत) बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा आणि त्या आकड्याच्या जवळ पोहोचलेलं तिकीट सर्वांत आधी बोलायला घ्या.

रांगेतला_माणूस

एक राहिलं. ३० वरून एका दिवसात १२ वर उतरायला जाऊ नका, सुरू असलेलं टाकूनही देऊ नका. बिल्ड रोज चढवा, आणि ‘तयार’ व ‘टेस्टिंग’ मिळून ५ वर येईपर्यंत बॅकलॉगमधून (अजून हातात न घेतलेल्या कामांच्या यादीतून) नवं काहीच घेऊ नका. तातडीची लेन तेवढी चालू ठेवा.