मदत हवी आहे: पार्क केलेल्या डॉट इन डोमेन नावावर कंपनीने हक्क सांगितल्यास काय करावे?

नमस्कार. मसाल्यांची आणि घरगुती वस्तूंची सर्वसामान्य मराठी नावे डॉट इनमध्ये डोमेन नावे (संकेतस्थळाचे पत्ते) म्हणून नोंदवून, ती पार्क करून (म्हणजे संकेतस्थळ न उभारता तेथे केवळ जाहिरातींचे पान ठेवून) योग्य ग्राहक मिळताच विकण्याचा जोडधंदा मी करतो. पार्किंगच्या जाहिरातींतून नूतनीकरणाचा खर्चही जेमतेम निघतो, त्यामुळे सारी मदार विक्रीवरच असते. एका मसाल्याच्या नावाची किंमत सांगताच समोरच्या कंपनीने तो आपला नोंदणीकृत ट्रेडमार्क असल्याचे कळवून, नाव विनामूल्य सोडण्याची नोटीस धाडली आहे. असे वाद निक्सीच्या (डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या) आयएनडीआरपी या डोमेन वाद निवारण धोरणानुसार लवादाकडे जातात आणि तेथे नावातील साम्य, नोंदणीदाराचा वैध हितसंबंध व त्याचा हेतू तपासला जातो, हे मला ठाऊक आहे; सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते असे म्हटले, हेही वाचले आहे. अडचण अशी, की पार्किंगच्या पानावरील जाहिराती मी निवडत नाही, आणि सध्या तेथे नेमके त्याच कंपनीच्या प्रतिस्पर्ध्यांचे तयार मसाले झळकत आहेत. हा माझ्या दुर्हेतूचा पुरावा धरला जाईल, की शब्द सर्वसामान्य असल्याचा बचाव टिकेल? नोटिशीनंतर जाहिराती काढणे इष्ट ठरेल काय? अशा लवादाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी, विशेषतः वकील मंडळींनी, कृपया मार्गदर्शन करावे.