मदत हवी आहे: पोपचं एकच पत्र, मजकूर दोन. कोणता धरू?

अबोली
उद्या सकाळी टिपण द्यायचंय, कृपया लवकर सांगा. जुन्या संग्रहात पत्र लांबलचक आहे, रेमंडच्या संग्रहात निम्मंच. माझी प्रत अपुरी आहे का?

कायदेवाला
कोणता रेमंड? कसला संग्रह?

अबोली
पेन्याफोर्तचा संत रेमंड हो! पोप ग्रेगरी नवव्याचे डिक्रेटल्स, म्हणजे चर्चच्या कायद्यासाठी केलेला पोपांच्या निर्णयपत्रांचा संग्रह, 1234.

वसईची_माय
त्यांचा सण 7 जानेवारीला. माझ्या आजीच्या प्रार्थनापुस्तकात 23 जानेवारी आहे, कारण 1969 साली तारीख बदलली. आरागॉनच्या राजा जेम्सने माजोर्का बेटाहून निघायची बंदी केली, तेव्हा पाण्यावर झगा पसरून त्यावरून ते बार्सिलोनाला पोचले, ही कथा ती फार जीव लावून सांगायची.

अबोली
ताई, कथा सुंदर आहे, पण माझ्या पत्राचं काय?

जुना_वाचक
आधी ग्रेशियनचा चर्च-कायद्याचा संग्रह वाचा, 1140 च्या सुमाराचा. पाया त्याचा. रेमंडने नुसती जुळवाजुळव केली.

नोंदवही
'नुसती' म्हणू नका. 1230 मध्ये पोपने त्यांना रोमला बोलावलं. पाच जुने संग्रह समोर, एकाचा निर्णय दुसऱ्याला छेद देणारा. रेमंडनी पुनरुक्ती काढली, खटल्याची हकिगत छाटली, एकेका पत्राचे तुकडे करून वेगवेगळ्या विषयांखाली लावले. अबोली, मजकूर कमी असणं हे त्यांचंच काम आहे. मीही यात पंधरा दिवस अडकलो होतो.

जुना_वाचक
हकिगत काढली की निर्णयाचा अर्थच बदलतो. हे मला पटत नाही.

नोंदवही
काही ठिकाणी बदलतो, खरंय. पण पोपने तसा अधिकार दिला होता आणि यापुढे न्यायालयांत नि विद्यापीठांत हाच संग्रह वापरा असं बजावलं. 1917 पर्यंत तो चालला.

कायदेवाला
टिपण नियमावर आहे की खटल्यावर?

अबोली
खटल्यावर. विवाहाचा आहे, सांगायचं राहिलं.

नोंदवही
म्हणजे रेमंडच्या संग्रहातलं चौथं, विवाहावरचं पुस्तक. घडलं काय ते पूर्ण पत्रातून घ्या, 1234 नंतरचा कायदा रेमंडच्या मजकुरातून. दोन्ही शेजारी ठेवा. प्रत कोणाची आहे?

अबोली
फ्रीडबर्गने संपादित केलेली छापील आवृत्ती.

नोंदवही
त्यात गाळलेले भाग तिरक्या अक्षरांत परत छापलेत. बघा बरं.

अबोली
आहेत! संपादकाच्या टिपा समजून मी ते सोडून उतरवत होते. पुन्हा बसते. मनापासून आभार.