विषय: आई-बाबा नाशिकहून येतायत, गरम कपडे काय आणायला सांगू?

प्रेषक: ताई, व्हँकुवर

नमस्कार मंडळी,
आम्ही कॅलगरी सोडून इकडे आलो त्याला दोन वर्षं होतील, पण कॅलगरीच्या या मेलिंग लिस्टवरून नाव काढलेलं नाही, असले प्रश्न दुसरीकडे कुठे विचारणार. आई-बाबा जानेवारीत येतायत, हिवाळ्यात पहिल्यांदाच. बाबांना फोनवर म्हटलं इथे थंडी आहे, तर म्हणाले किती, मी सांगितलं ४-५ अंश, तर हसायलाच लागले, म्हणे अगं निफाडला दरवर्षी एवढी पडते, एक हाफ स्वेटर पुष्कळ झाला. आता यांना कसं समजावू? मी कॅलगरीत उणे २० मध्ये बसस्टॉपवर उभी राहिलेय आणि तरी इथल्या ४ अंशात जास्त काकडते. नवरा म्हणतो हे मनाचे खेळ आहेत. हे खरंच असतं का, आणि त्यांनी आणावं काय, कोणी नीट सांगेल का?

प्रेषक: वहिनी, कॅलगरी

मनाचे खेळ नाहीत गं. मागच्या फेब्रुवारीत तुमच्याकडे लग्नाला आलो होतो तर दिवसभर ठीक होतं, पण रात्री पाठ टेकली आणि गादीच गार लागली, हीटर चालू असून. सकाळी वाळत घातलेले पायमोजे दुसऱ्या दिवशीही दमटच.

पण आमच्या कॅलगरीची कोरडी थंडी सोपी असं कोणी समजू नका हं. विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान, उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि दुखत नाही, बधिर होते, म्हणून कळतच नाही. घरात हवा इतकी सुकते की दाराच्या मुठीला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो, ओठ उलतात, आमच्या लेकाचा तर दर जानेवारीत घोळणा फुटतो. रात्री ह्युमिडिफायर लावतो तेव्हा कुठे झोप लागते.

प्रेषक: काका, सध्या मुक्काम नाशिक

ताई, बरं झालं विचारलंस, मी १५ दिवस इथेच आहे आणि हाच विषय अंगावर झेलून आलोय. परवा पहाटे ५ ला निफाडजवळ आमच्या चुलतभावाच्या बागेत गेलो. पारा ६ च्या आसपास, माझ्या मनात होतं उणे २५ ला कुत्र्याला फिरवून आणणारा माणूस मी, मला काय होतंय, म्हणून सुती शर्टावर एक पातळ सुती जॅकेट घालून निघालो. द्राक्षं पाणी उतरायच्या बेतात आहेत, पिंक बेरीच्या, म्हणजे मणी गुलाबी पडायच्या, भीतीने घडांना पेपर लावायचं काम चालू आहे, ते बघत ओळीतून फिरलो आणि दहा मिनिटांत दोन्ही बाह्या दवाने चिंब. पानाला हात लागला की थेंब थेट मनगटावरून कोपरापर्यंत. त्यानंतर जी हुडहुडी भरली ती शेकोटीशी बसलो तरी जाईना. शेवटी भावाने खांद्यावर घोंगडी टाकली, म्हणाला दादा आधी ते ओलं काढ अंगातलं. तेव्हा कुठे दात वाजायचे थांबले.

तर माझं म्हणणं असं की ओली थंडी हवेत कमी आणि कपड्यात जास्त असते. दमट हवा स्वतः काही फारशी जास्त उष्णता ओढून नेत नाही, विंड चिलच्या हिशोबात बघ, फक्त तापमान आणि वारा असतो, आर्द्रता नसतेच. पण स्वेटर ऊब धरतो तो त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे, आणि तिथे पाणी शिरलं की संपलं, कारण पाणी हे स्थिर हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता पळवतं. उणे २५ ला एका घनमीटर हवेत एक ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही, म्हणून कॅलगरीत तू कोरडीच राहायचीस, बर्फसुद्धा झटकला की पडतो. ५ अंशाला तीच हवा जवळजवळ ७ ग्रॅम धरते, वर तुमच्याकडे रोजचा पाऊस, कपडे वाळणार कधी?

आणि ऊन! तुझ्या बाबांना निफाडची थंडी आठवते ती बरोबरच आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा आम्ही इथे रोज पेपरात वाचतोच, पण ते अर्धंच सांगतायत. इथे आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी म्हणून रात्री जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, म्हणून तर पहाट एवढी गार, पण त्याच निरभ्र आभाळामुळे दहा वाजता अंगणात पाठ शेकता येते, दुपारी २७-२८ होतं, गाद्या-गोधड्या सगळं खडखडीत वाळतं. इथला गारठा चार तासांचा पाहुणा. तुमच्याकडे ढगांमुळे पहाट आणि दुपार यात फरकच नाही, अंग शेकायची सोय नाही, आणि वय झालं की हे जास्त बाधतं.

जावईबापूंना एक सांग, आपल्या कातडीत ओल ओळखणारी वेगळी संवेदना नसते, गारवा आणि स्पर्श यावरून मेंदू ओल ठरवतो. म्हणजे ओलं आणि गार हे मुळातच एकत्र कळतं, त्यात कल्पना काही नाही.

आता आणायचं काय. अंगाला लागून सुती बनियन नको, लोकरीचं पातळ थर्मल घ्यावं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, घोंगडीचं रहस्य तेच. वरून पाणी न शिरणारं जॅकेट, ते तिथेच घे, इथली रेनकोटं आतून घामाने भिजतात. लोकरीचे मोजे निदान सहा जोड, कारण वाळायला वेळ लागणार. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून घेतलं तर लेबल वाचून घ्यावं, बरंचसं ॲक्रिलिक असतं. बाबांना हवं तर मी बरोबर जातो, मला नंबर वैयक्तिक मेलवर पाठव.

प्रेषक: ताई, व्हँकुवर

काका, खूप खूप आभार, तुमचा मेल बाबांना वाचून दाखवला आणि पहिल्यांदाच ते गप्प बसून ऐकत होते. रविवारी तुमच्याबरोबर मार्केटला यायला तयार आहेत. एकच अडचण, आईने नातीसाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलीय आणि ती बॅगेत आधीच भरून ठेवलीय. सुती आहे. मी म्हटलं आण, झोपायच्या आधी दहा मिनिटं ड्रायरमध्ये फिरवून देईन. तर म्हणाली गोधडी रोज उन्हात घालायची असते, महिनाभर ऊन नाही म्हणजे काय?