सॅक्सोफोनची गोष्ट निघाली आणि किंग कर्टिस राहिला, असं कसं चालेल!

रॉक अँड रोलमधला सॅक्सोफोन म्हणजे दोन कडव्यांमधली नुसती भरती, असं काहीजण म्हणतात. या सॅक्सोफोनवादकाला ऐकल्यावर हे पटत नाही.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा हा माणूस (खरं नाव कर्टिस औसली, जन्म १९३४) जॅझवादक लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमधून न्यूयॉर्कमध्ये आला आणि स्टुडिओत रमला. १९५८ मध्ये कोस्टर्स या गायकगटाचं 'याकेटी याक' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातला त्याचा तुकडा ऐका. स्वर लांबवत नाही, तोडतोडून फेकतो. घरकामाला वैतागलेल्या पोरासारखा सॅक्सच उलट बोलतोय असं वाटतं. याला भरती कसं म्हणणार?

रचनेची जाण बघायची तर सोल गायिका अरीथा फ्रँकलिनचं १९६७ चं 'रिस्पेक्ट'. गायक ओटिस रेडिंगच्या मूळ गाण्यात मधला वळणाचा भागच नव्हता. तो इथे नव्याने घातला, त्यासाठी सॅम अँड डेव्ह या गायकजोडीच्या एका गाण्याची कॉर्ड्‌सची चाल उचलली आणि त्यावर कर्टिसचा सॅक्स ठेवला. गाणं क्षणभर दुसऱ्याच घरात जाऊन परत येतं. (मला तर कधीकधी तेवढ्यासाठीच ते लावावंसं वाटतं.)

पुढे अरीथाच्या बँडची सूत्रंही त्याच्याकडेच होती. मार्च १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट या सभागृहात तिच्यामागे वाजला तो त्याचाच 'किंगपिन्स' बँड. त्याच वर्षी जॉन लेननच्या 'इमॅजिन' अल्बममध्येही तो वाजवून गेला. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्याच इमारतीसमोर झालेल्या भांडणात कुणीतरी त्याला भोसकलं. वय अवघं ३७.