निरीक्षणाच्या रकान्यात न मावलेलं : प्रयोगशाळेतल्या अभिक्रियांचे अनुभव

रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये तीन रकाने असतात : कृती, निरीक्षण, अनुमान. आमच्या कॉलेजात हे तिन्ही रकाने प्रयोगाला हात लावण्याआधीच भरलेले असायचे, वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी जर्नलवरून उतरवून. परीक्षानळीत काय झालं ते बघायची गरजच उरायची नाही. याची मला आजही हळहळ वाटते, म्हणून हा धागा काढते आहे. जर्नलमधलं नको. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एखादी अभिक्रिया सांगा आणि ती कधी उमगली तेही सांगा. उमगायला वीस वर्षं लागली असली तरी चालेल. विद्यार्थी, शिक्षक, लॅब असिस्टंट, सगळ्यांनी लिहा.

सुरुवात मीच करते. बारावीचं टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून अभिक्रिया पुरी होते तो अंतिम बिंदू पकडायचा), ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट. शंकुपात्रात ऑक्झॅलिक आम्ल, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल, ते 60-70 अंशांपर्यंत गरम केलेलं आणि वर ब्युरेटमध्ये गडद जांभळं परमँगनेट. पहिला थेंब पडला आणि गुलाबी रंग तसाच राहिला. मला वाटलं, झालं, एका थेंबात अंतिम बिंदू आला, म्हणजे काहीतरी चुकलं. मी ते ओतून द्यायला निघाले होते. मॅडम मागून म्हणाल्या, "थांब गं. हलवत राहा नुसती."

हळूहळू रंग गेला. दुसरा थेंब जरा लवकर विरला. पुढे तर धार सोडली तरी रंग पडता पडता नाहीसा व्हायला लागला, जणू द्रावणाला आता सवय झाली होती. या अभिक्रियेत मँगनीजचे जे आयन तयार होतात, तेच तिचा वेग वाढवतात. पहिल्या थेंबाच्या वेळी ते नसतातच, म्हणून सुरुवात अडखळत होते. 'स्वयंउत्प्रेरण' हा शब्द मी पाठ केलेला होता, पण तो माझ्या हातातल्या शंकुपात्रात चालू आहे हे त्या दिवशी कळलं. हायड्रोक्लोरिक आम्ल का वापरत नाहीत, हेही मग धीर करून विचारलं. परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करत बसतं आणि रिडिंग फुकट वाढतं. जर्नलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं.

यवतमाळ जिल्ह्यातून, शाळेतली आठवण

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचं, निवळी दुधाळ होते, श्वासात कार्बन डायऑक्साइड आहे हे सिद्ध. आठवीत आम्ही केलं. सगळ्यांची दुधाळ झाली आणि सगळे थांबले. मी फुंकतच राहिलो, कारण मला मजा येत होती. बऱ्याच वेळाने निवळी पुन्हा स्वच्छ झाली. गुरुजींना दाखवली तर तेही क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी ती परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली आणि साका परत आला! जास्तीच्या वायूने कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं आणि तापवलं की उलटं. आमच्याकडे विहिरीचं पाणी जड. आईच्या पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरायचा. तो थर आणि ती परीक्षानळी एकच गोष्ट सांगत होत्या.

बी.एस्सी., सध्या शिक्षण चालू

तपकिरी कड्याची परीक्षा. नायट्रेटच्या द्रावणात हिराकशीचं (फेरस सल्फेट, लोहाचं लवण) द्रावण घालायचं, नळी तिरपी धरून कडेकडेने संहत सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. आम्ल जड, ते तळाशी जातं, आणि दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं दिसतं. मला दिसलं नाही. बाजूच्या चौघींनाही नाही. पाचही जणींनी 'तपकिरी कडे दिसले' असं लिहिलं आणि सही घेतली. मला ते अजून टोचतं. पुढच्या तासाला मी हिराकशीच्या द्रावणाची वेगळी बाटली मागितली आणि कडं लगेच आलं. इतकं नाजूक होतं की नळी जरा हलली तर गेलं. पहिल्या बाटलीत काय बिघडलं होतं?

लॅब असिस्टंट, 27 वर्षं नोकरी

वरच्या ताईंना उत्तर देतो. ते द्रावण शिळं असणार. हिराकशीचे खडे फिके हिरवे असतात. द्रावण करून ठेवलं की हवेनं पिवळसर पडत जातं, म्हणजे फेरसचं फेरिक होतं. कडं फेरसमुळेच येतं. फेरस नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड करतं आणि उरलेलं फेरस त्याच्याशी जोडलं जाऊन तपकिरी होतं. पिवळ्या पडलेल्या द्रावणात हे करायला कोणी उरलेलंच नसतं. मी प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी ताजं करतो, त्यात थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल टाकतो. बाटली उजेडात धरून रंग बघून घ्यायचा, ही सवय मुलांना लावा. 'दिसले नाही' लिहिलं असतं तर तुमच्या मॅडमना बाटली खराब आहे हे कळलं असतं.

पुणे

मला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही, आणि हे अकरावीच्या टायट्रेशनला कळलं. फिनॉल्फथॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा फिका गुलाबी येतो तिथे थांबायचं. माझ्यासाठी तो फिका गुलाबी नव्हताच. मित्रांचं रिडिंग दहाच्या आसपास, माझं बारा. 'लक्ष नसतं' असा शेरा मिळाला. मी दोन वर्षं शेजारच्याला "आला का रे?" विचारून काढली.

कॉलेजात पीएच मीटर (द्रावण किती आम्ल आहे ते आकड्यात दाखवणारं; आकडा लहान तितकं आम्ल जास्त) हाताला लागला. 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल 10 मिलिलिटर, वरून तितक्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड. सुरुवातीला पीएच 1. निम्मं आम्ल संपलं तरी काटा दीडवरच. आणि अंतिम बिंदूपाशी दोन थेंबांत साडेतीनवरून थेट दहाच्या वर! एक थेंब आधी, एक थेंब नंतर. रंग पटकन का पालटतो आणि एका थेंबाला एवढं महत्त्व का, ते मला आलेखावर दिसलं. रंग नीट दिसणाऱ्या माझ्या मित्रांनी ती उडी पाहिलीच नव्हती. वर्गात असा एखादा मुलगा असेल तर त्याला आधी विचारा, शेरा नंतर द्या.

नागपूर

थोडक्यात. सोडियम थायोसल्फेटमध्ये विरल आम्ल घातलं की गंधक सुटून द्रावण गढूळ होतं. खाली कागदावर फुली काढायची आणि ती दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. आम्ही डिसेंबरमध्ये केला. एप्रिलमध्ये राहिलेल्या मुलांनी आमचेच आकडे उतरवले. उन्हाळ्यात त्यांची फुली कितीतरी आधी गेली असणार. दर 10 अंशांना वेग साधारण दुप्पट होतो, हाच तर त्या प्रयोगाचा विषय होता!

सातारा, जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका

आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. हळद, चुना, लिंबू, जास्वंद घेऊन बसतो. हळदीला चुन्याची निवळी लागली की लाल, वर लिंबू पिळलं की परत पिवळी. एका मुलीने आजीने घरी हळदीपासून केलेलं कुंकू आणलं, त्यावर लिंबू पिळलं, ते पिवळं झालं. मग दुकानातलं आणलं, ते लालच राहिलं. "बाई, हे हळदीचं नाही." हे तिचं अनुमान, तिने स्वतः काढलेलं.

लॅब असिस्टंट, पुन्हा

एक राहिलं. शिशाच्या परीक्षेत पोटॅशियम आयोडाइड घातलं की पिवळा साका येतो. मुलं 'पिवळा अवक्षेप' लिहितात आणि जातात. खरं म्हणजे पुढे त्यात पाणी घालून तापवायचं, साका विरघळतो, मग नळी स्टँडमध्ये ठेवून थांबायचं. पाच वाजता खोली रिकामी होते. मी नळ्या धुवायला घेतो तेव्हा त्या निवत आलेल्या असतात आणि आत सोन्याचे बारीक पापुद्रे चमकत खाली उतरत असतात. कितीदा मी एकट्यानेच पाहिलं आहे. गेल्या वर्षी दोघं जिन्यात होते, त्यांना हाक मारून परत बोलावलं. दिवा लावला, बघितलं तिघांनी. शिसं आहे, त्यामुळे बेसिनमध्ये नाही ओतायचं, वेगळ्या बरणीत. पण त्या दिवशी बरणीत ओतायला आम्हाला उशीर झाला.